बगळ्यांपुढे पुकारलेल्या बारा होनांची हकीकत

श्री. श्रीलक्ष्मी जागी असावी, श्रीनिद्रा प्रसन्न असावी, आणि ऐकणाराचे चित्त या दोहींच्या मधोमध असावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, ते साली एका राज्यात प्रोटीन म्हणोन जे धवल चूर्ण, त्याच्या भावाचे कामी मोठे प्रकरण जाहले, त्याची हकीकत येणेप्रमाणे. राज्याचे नाव विचारू नये. नदीकाठचे राज्य, सकाळी धुके आणि दुपारी सुस्ती, महाराज जेवणोत्तर जे निजत ते दिवेलागणीस उठत, आणि प्रजाही महाराजांचा मान राखोन त्याच वेळी निजत असे. ऐशा राज्यात ते चूर्ण प्रथम कोणी आणिले हे कोणास ठाऊक नाही. दुधाचे पनीर केले म्हणजे जी निवळी मागे राहते, जी पूर्वी गवळी लोक वासरांपुढे ओतीत, त्याच निवळीस आटवोन, वाळवोन, डब्यात घालोन, वर दंड फुगविलेल्या पुरुषाचे चित्र काढोन आणिले, आणि प्रथम पहिलवान प्याले, मग शिलेदार प्याले, मग कारकून प्याले, ज्यांस दिवसाकाठी लेखणीपरते जड काही उचलावे लागत नव्हते. मग लाडवांत प्रोटीन, शेवेत प्रोटीन, कुरडयांत प्रोटीन, पाणी म्हणोन विकीत त्यातही प्रोटीन, ऐसा काळ आला. अवघे राज्य बळ खाऊ लागले आणि गाई होत्या तितक्याच राहिल्या, मग भाव चढला. पेठेत डबे उघडीत तेव्हा पांढऱ्या भुकटीचा मेघ उठे, तो छपरांवर बसे, झाडांवर बसे, आणि दुपारी निजलेल्या माणसांच्या भुवयांवर बसे, आणि लोक उठोन एकमेकांस पाहात तो अवघे झोपेतच म्हातारे जाहल्यासारखे दिसत. कोणी त्याचे वाईट वाटून घेत नसे.

आता या राज्याचा एक रिवाज होता तो आधी सांगितला पाहिजे. येथे भाव लिहीत नसत. अक्षर ही देवता, भाव आज एक उद्या दुसरा, तेव्हा देवतेस रोज उठोन पुसावे हे योग्य नव्हे, ऐसा पूर्वजांनी ठराव केला होता. म्हणोन दुकानावर पाटी नाही, डब्यावर आकडा नाही. दवंडीदाराने हलगी वाजवोन जो पुकारला तोच भाव, आणि जो पुकारला नाही तो भाव झालाच नाही. यात गंमत ऐशी की नवा भाव कानी पडला की जुना लोकांच्या चित्तातून निघोन जाई, पहाटेचे स्वप्न चूळ भरेपर्यंत जाते तसा. मागल्या महिन्यात काय भाव होता ऐसे कोणास पुसावे, तर तो मनुष्य आभाळाकडे पाही आणि "स्वस्त होतं बुवा" इतकेच म्हणे. एकास मात्र विसर पडत नसे, तो हैबती दवंडीदार. वय पंचावन्न, अंगाने काटकुळा, परंतु आवाज ऐसा भरघोस की एवढ्याशा छातीत तो ठेवितो कोठे याचे लोकांस नवल वाटे. एकदा पुकारलेला भाव त्याच्या गळ्यात राहून जाई. गुळाचे, मिऱ्यांचे, सरकीचे वीस वीस सालांचे भाव तेथे एकावर एक निजलेले होते, आणि हैबती एकटा चालत असला म्हणजे त्यांतला एखादा कूस बदले, आणि हैबती आपणच हसे. जुना भाव लोकांस सांगावा ऐसे त्यास कधी वाटले नाही, कारण तो कोणी विचारलाच नव्हता.

हैबतीची बायको गजराबाई. बाई ठेंगणी, जिभेने फटकळ, आणि फुगडीत अवघ्या राज्यात तिच्या तोडीची एकच, तिची बाळपणीची सखी आवडाबाई कासारीण. या दोघी दरसाल आश्विन शुद्ध अष्टमीस देवीच्या पटांगणात उतरत, चवड्यास चवडा लावीत, हातांची तिढी घालीत, माना मागे टाकीत, आणि मग ज्या फिरत त्या बघणारास दोन बाया दिसत नसत, लुगड्यांचा हिरवातांबडा भोवरा तेवढा दिसे. बत्तीस साले यात खंड नव्हता. गजराबाई म्हणे, "फुगडीत मला मी कोन, कुणाची, किती वयाची, काई बी ठावं ऱ्हात न्हाई. वरीसभर जेवते ती त्या घटकेसाठीच." आणि या साली वैशाखात तिला ताप आला तो तीस दिवस उतरला नाही, आणि उतरला तेव्हा पायांवरचे मांस संगे घेऊन उतरला. तोडे घोट्यावरोन सुटोन पडो लागले. वैद्यराज आले, नाडी पाहिली, पोटरी चाचपली आणि बोलिले, "डाळ हिला पचत नाही, अंड्याच्या वासाने हिला ओकारी येते, तेव्हा प्रोटीन द्यावे. दोन मापे रोज, एक सकाळी, एक दिवे लागताना. मांस हे भिंतीसारखे चढते, रोजची वीट रोज बसली पाहिजे." हैबती बोलिला, "आणि अष्टमीची फुगडी, वैद्यबुवा?" वैद्यराज बोलिले, "दोन मापे चुकली नाहीत, तर फुगडी." गजराबाई अंथरुणातून बोलली, "चुकायची न्हाईत. ह्यांची जीब चुकंल पन हात चुकायचा न्हाई." हैबतीने तिच्या पायांकडे पाहिले आणि वरोन हसला.

ज्येष्ठात डबा सहा होन होता तो आणिला. आषाढात सात पुकारला आणि सातास आणिला. डबा महिन्याचा, मापे दोन, आणि आषाढ सरता सरता गजराबाई एकटी उठोन आडापर्यंत जाऊ लागली, आणि आडाच्या काठाशी कोणी नाही ऐसे पाहोन एक पाय पुढे टाकी, एक मागे घेई, आणि डोळे मिटोन जागच्या जागी अर्धी गिरकी घेई. मग श्रावण लागला आणि आठ पुकारायचा हुकूम आला. चूर्णाचे मक्तेदार लखमशेट, त्यांचे मुनीम गोमाजीपंत, बोलणे लोण्याहून मऊ. हैबतीने पुकारा केला आणि कंबरेचे आठ होन काढोन डबा घेतला, तो पंत हळूच बोलिले, "हैबतीनाना, तुम्ही आमच्या घरातले. बाहेर बोलू नका, पण नवरात्रात महासूट आहे. निम्म्याला निम्मे म्हणा. आता डब्यावर डबे घेणारे ते वेडे." हैबतीस आतली बातमी मिळाली याचा मोठा आनंद जाहला. ज्याच्या तोंडून सूट निघायची त्यानेच सुटीआधी माल घ्यावा, मग लोक हसणार नाहीत काय, ऐसे त्यास वाटले. मग घरी येताना वाटेत मसलत केली, आपली आपणाशीच, आणि ठरविले की हाच डबा दोन महिने पुरवावा, दोन मापांचे एक करावे, आणि प्रतिपदेस निम्म्या भावात दोन डबे आणोन मग चार चार मापे पाजोन मागची कसर भरोन काढावी. रोजची वीट रोज बसली पाहिजे, हे वैद्यराज बोलिले होते ते या वेळी त्यास आठवले नाही. दुसरे दिवसापासोन सकाळी अर्धे माप, सांजेस अर्धे माप, वर गूळ अंमळ अधिक आणि पाणी बरेच अधिक, ऐसे तो आपल्या हाताने कालवोन देऊ लागला. गजराबाई पेला तोंडास लावी, थांबे, पेल्याकडे पाही, हैबतीकडे पाही, आणि पिऊन टाकी. श्रावण अर्धा जाहला तो आडापर्यंत जाताना तिचा हात भिंतीस लागू लागला. हैबती म्हणे, "हवा दमट हाय." भाद्रपदात नऊ होन पुकारला आणि हैबती मनात बोलिला, बरे जाहले घेतला नाही. गजराबाई तोवर उंबऱ्यात बसोन असे आणि भिंतीवरच्या उन्हाचा तुकडा कसा सरकतो ते पाहात असे.

भाद्रपद वद्य पक्षात एके सकाळी गोमाजीपंतांनी हैबतीस बोलाविले आणि नवा हुकूम सांगितला: जुन्या उतारघाटावर जावे, आणि सूर्य उगवताना बारा होन हा भाव तीन वेळा पुकारोन यावे, एकच दिवस, मग पुन्हा नऊ. हैबती बोलिला, "पंत, त्या घाटावरची नाव बंद झाल्याला दहा सालं झाली. तितं ऐकाया हाय कोन?" पंत हसले आणि बोलिले, "नाना, कायद्याला पुकारा लागतो. ऐकणारा लागतो असं कुठं म्हटलंय?" आणि त्यास एक झाकणाची कुपी बक्षीस दिली, ज्यात चूर्ण आणि पाणी घालोन हलविता येते. हैबती दुसरे दिवशी धुक्यातून चालत गेला. घाटाच्या पायऱ्या धुक्यात उतरत होत्या आणि खाली पाणी आहे की आभाळ आहे हे कळत नव्हते, आणि त्या पांढऱ्यात पांढरे बगळे एका पायावर उभे होते, शंभर असतील, दोनशे असतील, जेथे पाहावे तेथे धुके दाट होऊन बगळा होई आणि पुन्हा धुके होई. हैबतीने हलगी वाजविली. एकही उडाला नाही. मग त्याने आपला तो आवाज काढिला, "ऐका हो ऐका, प्रोटीनचा डबा बारा होन," ऐसे तीन वेळा, नीट, अक्षर न खाता, जसे भर चौकात पुकारावे तसे, कारण कामात कसूर करणे त्याच्या घराण्यात नव्हते. बगळ्यांनी माना कलत्या करोन ऐकिले. इतके मन लावोन आजवर कोणी त्याचे ऐकिले नव्हते, आणि तो घरी आला तो दिवसभर त्याच गुंगीत होता. बारा होन कशासाठी, हे त्याच्या मनातही आले नाही.

मग आश्विन प्रतिपदा आली आणि सूर्योदयास महासुटीचा आरंभ जाहला. पेठेत डब्यांचे गोपूर रचिले होते, केशरवेलचीचे डबे पिवळे, आंब्याचे केशरी, आणि चॉकलेट म्हणोन जी काळी चव ती सर्वांच्या वर. झेंडूची तोरणे, सनई, आणि भुकटीचा मेघ ऐसा की चार हातांवरचा मनुष्य सावलीसारखा दिसे. लखमशेट स्वतः गादीवर विराजमान होते आणि लोक झोपेत चालावे तसे हात पुढे करोन त्या मेघात शिरत होते. पंतांनी हैबतीच्या कानी आकडे सांगितले आणि हैबतीने हलगी वाजवोन पुकारिले, "मूळ भाव बारा होन! तिसरा हिस्सा सूट! आठ होन, हो आठ होन!" लोकांनी जयजयकार केला. आणि आठ हा शब्द तोंडातून निघाला मात्र, तो हैबतीच्या गळ्यात निजलेला श्रावणातला आठ उठोन बसला, आणि हे काय, मी तर येथेच आहे, ऐसे म्हणाला. त्यापाठी ज्येष्ठातला सहा उठला, आषाढातला सात उठला, भाद्रपदातला नऊ उठला, आणि बारा शोधावा तर तो चौकात पुकारलेला कोठेच नाही, तो धुक्यात, बगळ्यांपुढे. हैबतीचे हात हलगीवर थांबले. तेव्हा त्यास घाटाचा अर्थ समजला. खोटा मूळ भाव दुसऱ्या कोणी रचिला नव्हता, याच तोंडाने, बक्षिसाची कुपी घेऊन, तीन वेळा रचिला होता. इतक्यात आवडाबाई गर्दीतून डबा उराशी धरोन आली. तिला घरी म्हातारी सासू होती, तिच्यासाठी घेतला होता. बोलली, "नाना, चार होन वाचलं की वो! ह्या चारात मी अष्टमीला गजरीला कोपरापातुर चुडा भरते का न्हाई बघा!" हैबतीस तिच्या तोंडाकडे पाहवेना. त्याने आपले आठ होन मोजिले, डबा घेतला, आणि घरची वाट धरली.

घरी येऊन त्याने डबा फोडिला, कुपीत पुरते एक माप घातले, हलविले आणि गजराबाईस दिले. तिने घोट घेतला आणि बोलली, "आज पुरतं माप? मग परवडलं म्हनायचं." हैबती जागीच बसला. बोलिला, "तुला ठावं हुतं?" ती बोलली, "दोन महिनं गुळाचं पानी पेते मी. जीब गेली न्हाई माजी, पाय गेल्यात." तो बोलिला, "मग बोलली का न्हाईस?" ती बोलली, "तुमी इतक्या आनंदात कालवत हुता. वाटलं, ह्यांच्या डोस्क्यात काईतरी मोटा बेत हाय, हुईल पुरा." यावर हैबती रडला. साठ घरांस ऐकू जाईल ऐसा ज्याचा आवाज, तो रडताना मुळीच आवाज करीत नव्हता. मग त्याने घाटाची अवघी गोष्ट तिला सांगितली. गजराबाईने उरलेले पिऊन घेतले, कुपी खाली ठेविली आणि बोलली, "माज्या दोन महिन्यांचं मी बघंन. पन आवडा चार होन वाचल्याच्या आनंदात नाचत घरला गेली, आन त्यो खोटा आनंद तिला तुमच्या तोंडनं मिळाला. मामंजी काय म्हनायचं? पुकारा मागं घ्यायाचा तर कसा?" हैबतीस बापाचे बोल पाठ होते: ज्या जागी पुकारिला त्याच जागी, ज्यांनी ऐकिला त्यांच्याच समोर, घरचा एक साक्षी ठेवोन मागे घ्यावा, आणि ज्याने मागे घेतला त्याने आपली हलगी सरकारात जमा करावी. चार पिढ्यांत कोणी मागे घेतला नव्हता. हैबती बोलिला, "हलगी जाईल, गजरा." ती बोलली, "जाऊ द्या. घरचा साक्षी मी. उद्या मला उचलून न्या."

द्वितीयेस सकाळी हैबतीने तिला पाठीवर घेतले, तो तिचे ओझे लागलेच नाही. लग्नाचे साली नदी उतरताना याच बाईस पाठीवर घेऊन तो दोनदा थांबला होता, आणि आज अर्ध्या कोसात एकदाही थांबावे लागले नाही, याचे त्यास फार वाईट वाटले. घाटावर पोहोचले तो धुके होते आणि बगळे नव्हते. पायऱ्या मोकळ्या, पाणी मोकळे. आता ऐकणारे नाहीत तर माघार कोणापुढे घ्यावी? मग उभयतां पायरीवर बसली. ऊन आले, धुके निवळले, नदीवर एक वाळके पान येऊन भोवऱ्यात फिरत राहिले, आणि गजराबाई त्याकडे बघत बघत बोलली, "आमी अशाच फिरतो." दुपार जाहली, राज्यात निजायची वेळ आली, नदीही अंमळ हळू वाहू लागली, आणि हैबतीच्या मांडीवर डोके ठेवोन ती निजली आणि बसल्या बसल्या तोही निजला. त्यास स्वप्न पडले की अवघे भाव पक्षी होऊन एका झाडावर बसले आहेत आणि कोण कोणाच्या आधीचा हे त्यांस आठवत नाही. जागा होऊन पाहतो तो पायरीपायरीवर बगळे उभे, दोन पायऱ्या वर, दोन खाली, एक तर गजराबाईच्या पायांपाशी, तिच्या सैल तोड्याकडे निरखोन पाहात. हैबती हळूच उठला. हलगी वाजविली नाही, न जाणो उडाले तर. परंतु आवाज पुरता काढिला: "ऐका हो ऐका, भाद्रपदात बारा होन म्हणोन जो भाव तुम्हांस पुकारिला, तो मागे घेतला, मागे घेतला, मागे घेतला!" गजराबाई जागी होऊन बोलली, "म्या ऐकलं." बगळ्यांनी माना कलत्या केल्या, मग एकेक करोन पंखांत खुपसल्या.

तृतीयेस हैबती चौकात गेला, हलगी खाली ठेविली आणि माघार जाहीर केली. मोठा गलबला जाहला. लखमशेट गादीवरोन उठले, बहुत वर्षांत आपले पायांनी उठले ते तेव्हाच, आणि न्यायाधीशांकडे गेले. न्यायाधीश निजले होते ते उठले, कपाळावरची भुकटी पुसली आणि दोन्ही पक्ष ऐकिले. लखमशेट बोलिले, "महाराज, बगळ्यांपुढे घेतलेली माघार ही कसली माघार? बगळ्यांस काय कळते?" न्यायाधीश बहुत वेळ डोळे मिटोन राहिले, तो पुन्हा निजले की काय ऐसे लोकांस वाटले, मग बोलिले, "शेटजी, बगळ्यांस कळत नसेल तर पुकाराही जाहला नाही, मग मूळ भाव नऊ. आणि कळत असेल तर पुकाराही जाहला आणि माघारही जाहली, मग मूळ भाव नऊ. यांतले आपणांस कोणते पसंत ते सांगावे." शेटजींस दोन्ही पसंत नव्हते. न्यायाधीश पुढे बोलिले, "तिसरा हिस्सा सूट हा आपलाच पुकारा, तो भर चौकात जाहला, तो आम्ही मोडीत नाही. नवास तिसरा हिस्सा सूट, सहा होन. आणि ज्यांनी आठ दिले त्यांनी दोन परत मागू नयेत, कारण दिला तो भाव त्या दिवशी पुकारलेला होता." ऐसे बोलोन हलगी सरकारात जमा केली आणि निजावयास गेले. लोक मेघातून बाहेर येऊन एकमेकांस पुसू लागले, सहा? सहा कधी होता का? आणि हैबती बोलिला, "हुता. ज्येष्ठात," आणि लोक आभाळाकडे पाहू लागले.

अष्टमी आली. सहा सात दिवस दोन मापे पोटात गेली होती, आणि वैद्यराज बोलिले की इतक्यात पोटरी काही भरोन येत नाही, भिंत धरोन चालावे आणि बायांची फुगडी बसोन पाहावी. गजराबाईने ऐकोन घेतले आणि तिसऱ्या प्रहरी नवे लुगडे नेसली. देवीच्या पटांगणात बायांचे रिंगण जाहले. आपले चार होन वाचले नव्हते हे आवडाबाईस कळले होते, तरी तिने हिरव्या बांगड्या आणिल्या होत्या, त्या गजराबाईच्या हातांत भरिल्या आणि मग हात पुढे केले. गजराबाई भिंत सोडोन उभी राहिली. चवड्यास चवडा लागला, हातांची तिढी जाहली, माना मागे गेल्या, आणि दोघी फिरू लागल्या, प्रथम हळू, मग अंमळ वेगाने, आणि रिंगणातल्या बायांनी ओठांनी फू फू ऐसा पकवा धरिला, आणि ऊन, बांगड्या, धूळ आणि पेठेतून वाऱ्याने येणारी ती पांढरी भुकटी अवघे एकत्र फिरू लागले, आणि पाहणारांचे डोळे जड झाले. गजराबाईचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर ते जुने हसू आले होते. मग तिचा डावा गुडघा गेला. आवडाबाईने हात सोडिले नाहीत, तिच्यासंगे तीही खाली बसली.

या राज्यात फुगडीचे फेरे कोणी मोजीत नसे आणि लिहीतही नसे, हैबती दरसाल काठाशी उभा राहोन मोजी आणि अखेर पुकारी तोच आकडा खरा. गेल्या साली एकशे एकवीस पुकारिला होता. हलगी गेली तरी गळा जमा करोन घेतलेला नाही, ऐसे म्हणोन बायांनी या सालीही त्यासच उभे केले होते. आता अवघ्या बाया त्याच्याकडे वळल्या आणि बोलल्या, "नाना, किती झाल्या?" कोणाच्याच ध्यानात आकडा नव्हता. पन्नास म्हटले असते तर पन्नास, कोणाचे काही जात नव्हते, उलट सर्वांस बरे वाटले असते, आणि हैबतीस स्वतःस तर पन्नास म्हणावे ऐसे इतके वाटले की तो शब्द ओठांपाशी येऊन उभा राहिला. खाली धुळीत गजराबाई बसली होती, धापा टाकीत होती आणि वर त्याच्याकडे बघत होती. हैबतीने श्वास घेतला आणि पुऱ्या आवाजाने पुकारिले, "चार!" आवडाबाईने पदर डोळ्यांस लाविला. मग गजराबाई धाप आवरोन बोलली, "चारच. म्या बी चारच मोजल्या." हैबती तिच्यापाशी बसला आणि बोलिला, "वाढवून सांगितलं असतं तर?" ती बोलली, "तर उद्यापास्नं तुमच्या हातचं पेले नसते," आणि उठविण्यासाठी त्याच्याकडे दोन्ही हात केले.

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. सारांश इतका की डबा ज्येष्ठात सहा होन होता आणि महासुटीत मोठ्या झगड्याअंती पुन्हा सहा जाहला, हैबतीने मात्र श्रावणातही आठ दिले आणि आश्विनातही आठ दिले. दवंडीचे काम पुढे दुसऱ्याकडे गेले. वैद्यराज बोलिले की मापे न चुकली तर पुढील अष्टमीस आणखी फिरेल. दोन महिन्यांच्या अर्ध्या मापांची माघार कोणापुढे घ्यावी, याचा रिवाज त्या राज्यात नव्हता. बहुत काय लिहिणे, दिवे लागले, माप कालवायची वेळ जाहली.